आष्टीची काळी जमीन आणि कोळशाचे कण

वर्धा जिल्ह्यातील आष्टीच्या परिसरातील काळी जमीन बेसाल्टाच्या झिजेतून निर्माण झाली. तिचा काळेपणा सेंद्रिय द्रव्यामुळे येतो, असा समज पूर्वी होता. १९१० मध्ये कृषिरसायनज्ञ ॲनेट यांनी त्याचे कारण मुख्यतः टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटात शोधले. पुढे चिकणमातीशी निगडित ह्यूमसासही त्याचे श्रेय देण्यात आले. तथापि अशा जमिनींतील सेंद्रिय कर्ब बहुधा शेकडा एकाहूनही कमी भरतो. रंगावरून कर्बाचा अंदाज बांधणे व्यर्थ होय.

कपाशीवर कीटकनाशके पडू लागल्यावर ह्या कर्बाला निराळे महत्त्व आले. भारतीय शेतीत डीडीटीवर १९८९ मध्ये, बीएचसीवर १९९७ मध्ये व एंडोसल्फानवर २०११ मध्ये बंदी आली. परंतु जमिनीत आधीच गेलेल्या द्रव्याचे काय होते, हा प्रश्न बंदीने सुटत नाही. १९७९ मध्ये च्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे प्रतिपादन केले की, ही द्रव्ये तेलात विरघळावीत तशी ह्यूमसात विरघळतात. सबब कर्ब मोजला की बंधनाचे प्रमाण कळावे. मांडणी सोयीची होती व सोयीमुळेच ती लवकर रूढ झाली.

मोजमाप मात्र सर्वत्र जुळेना. काही गाळांत व मृदांत हिशेबाहून कितीतरी अधिक द्रव्य अडकलेले आढळे. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे कारण काजळीत व कोळशात सापडले. अपुऱ्या ज्वलनातून उरणाऱ्या ह्या कणांत कर्बवलयांचे सपाट थर व अतिसूक्ष्म छिद्रे असतात. वलययुक्त रेणू तेथे पृष्ठाला चिकटतात. हे विरघळणे नसून अधिशोषण होय. जागा मर्यादित असल्यामुळे द्रव्य अल्प असता पकड सर्वांत घट्ट असते, आणि जागा भरत गेल्या की ती सैल पडते. २००३ मध्ये यांग व शेंग यांनी दाखविले की, गव्हाच्या व भाताच्या काडाची राख डाययुरॉन हे तणनाशक मातीच्या शेकडो पटींनी धरून ठेवते.

विदर्भात वेचणी संपल्यावर पऱ्हाटी पुष्कळदा शेतातच जाळतात. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या जमिनीत ती राख खोलवर उतरते. पण पहिल्या पावसाचे पाणीही त्याच भेगांतून धावते, आणि कोळशाशी गाठ पडण्यापूर्वीच काही विद्राव्य विष खाली जाऊ शकते. शिवाय बंधन म्हणजे नाश नव्हे. कोळशाने धरलेले द्रव्य विहिरीपर्यंत सहसा पोचत नाही, तसेच ते जीवाणूंच्याही हाती लागत नाही. म्हणून ते दीर्घकाळ टिकते. तणनाशकाचा प्रभावही त्यामुळे मंदावतो, व शेतकरी मात्रा वाढवितो.

प्रयोगशाळांत सेंद्रिय कर्ब सामान्यतः वॉकली व ब्लॅक यांच्या १९३४ च्या पद्धतीने मोजतात. त्या पद्धतीत कोळशाचे ऑक्सिडीकरण अंशतःच होते. म्हणजे विष घट्ट धरणारा कर्बच पुष्कळसा अहवालाबाहेर राहतो.