दलित पात्र कोणी साकारायचे? पडद्यावरची भूमिका, ओळख आणि संधी

१४ एप्रिल जवळ आला की आमच्या भागातील विहारात डॉ. जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा चित्रपट दाखवला जातो. यंदा चित्रपट संपल्यावर सतरंज्या गोळा करताना अकरावीतल्या एका मुलाने विचारले, "दादा, बाबासाहेबांचं काम करायला आपल्यातला कोणी मिळाला नाही का?" शेजारच्या आजी लगेच म्हणाल्या, "त्या माणसानं किती जीव ओतून केलंय! त्याची जात कशाला काढतोस?"

आम्हाला दोघांचेही पटले. नट आणि पात्र यांची जात, वंश किंवा ओळख एकच असावी का, हा वाद आज जगभर चालू आहे. आपल्या अभ्यासवर्गांतही तो निघतो आणि बहुतेक वेळा भावनेवर संपतो. कार्यकर्त्यांना चर्चेसाठी आधार मिळावा म्हणून या प्रश्नाची माहिती आणि आमची भूमिका येथे एकत्र मांडत आहोत.

वाद आला कुठून?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गोरे कलावंत तोंडाला काळा रंग फासून काळ्या माणसांची टिंगल करणारे खेळ करत. त्याला 'ब्लॅकफेस' म्हणतात. पुढे चित्रपट आला, पण सवय गेली नाही. १९३७ च्या 'द गुड अर्थ' या चित्रपटात चिनी शेतकरी स्त्रीची मुख्य भूमिका युरोपातून आलेल्या लुईझ रायनर यांनी केली आणि त्यांना ऑस्कर मिळाले. त्याच काळात अॅना मे वाँग ही चिनी वंशाची नामवंत अभिनेत्री हॉलिवूडमध्ये काम करत होती. तिला ती भूमिका मिळाली नाही. देऊ केली ती संसार मोडणाऱ्या दुसऱ्या बाईची भूमिका, आणि तिने ती नाकारली.

या उदाहरणात दोन वेगळे अन्याय आहेत. एक, दुसऱ्या समाजाचे सोंग आणून त्याची खोटी प्रतिमा उभी करणे. दुसरा, त्या समाजातील कलावंताला त्याच्याच कथेतून बाहेर ठेवणे. पहिला प्रतिमेचा प्रश्न आहे, दुसरा संधीचा. चर्चेत हे दोन्ही एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो.

ऑस्कर देणाऱ्या संस्थेने सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी २०२४ च्या सोहळ्यापासून समावेशाच्या अटी लागू केल्या. त्या केवळ पडद्यावरच्या चेहऱ्यांपुरत्या नाहीत. पडद्यामागचे प्रमुख लोक कोण, नवख्यांना शिकण्याची व कामाची संधी मिळते का, प्रसिद्धी आणि वितरणाच्या विभागात कोण बसते, हेही त्यात मोजले जाते. चार निकषांपैकी दोन पूर्ण करावे लागतात. अटी पुरेशा आहेत की नाहीत यावर वाद आहे, पण मोजणी नटाच्या चेहऱ्यापलीकडे गेली, हे महत्त्वाचे.

आपल्याकडे दलित पात्र कोणी केले?

१९३६ च्या 'अछूत कन्या'मध्ये अस्पृश्य मुलीची भूमिका देविका राणी यांनी केली. त्या रवींद्रनाथ टागोरांच्या घराण्याशी नाते असलेल्या, परदेशात शिकलेल्या अभिनेत्री. १९५९ च्या 'सुजाता'त नूतन होत्या. २०११ च्या 'आरक्षण'मध्ये दलित प्राध्यापक झाले सैफ अली खान. त्या चित्रपटावर उत्तर प्रदेशात बंदी आली आणि ती सर्वोच्च न्यायालयाने उठवली. बाबासाहेबांची भूमिका मामूट्टी यांनी केली आणि त्यांना १९९८ सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे 'संविधान' मालिकेत सचिन खेडेकर आणि २०१९ च्या मराठी मालिकेत सागर देशमुख बाबासाहेब झाले.

यातील कोणाच्याही अभिनयाबद्दल आमची तक्रार नाही. 'अछूत कन्या' आणि 'सुजाता' यांनी त्या काळात अस्पृश्यतेविरुद्ध बोलण्याचे धाडस केले, हेही मान्य केले पाहिजे. पण कथा नीट पाहा. 'अछूत कन्या'ची नायिका शेवटी रेल्वे थांबवताना जीव देते. 'सुजाता'तील नायिकेला पाळणाऱ्या आईचे प्रेम पुरते मिळते ते स्वतःचे रक्त दिल्यावर. आमच्या मुलीने माणूस ठरण्यासाठी रक्त किंवा प्राण द्यावा लागतो, ही कल्पना कोणाच्या डोक्यातून येते? नायिकेच्या जागी दलित अभिनेत्री उभी केली असती तरी ही कथा बदलली नसती. म्हणून नटाच्या आधी लेखकाकडे पाहावे लागते.

जात रंगात दिसते का?

वंश बऱ्याचदा चेहऱ्यावर दिसतो, जात दिसत नाही. पण आपल्या चित्रपटसृष्टीला ती दाखवायची असते, म्हणून मेकअपचा डबा उघडतो. २०१९ च्या 'बाला'मध्ये सावळ्या मुलीच्या भूमिकेसाठी भूमी पेडणेकर यांना सावळे केले गेले. २०२५ च्या 'धडक २'मध्ये दलित नायक साकारणाऱ्या सिद्धांत चतुर्वेदी यांच्या त्वचेचा रंग गडद केल्याची टीका झाली. हा चित्रपट मारी सेल्वराज यांच्या 'परियेरुम पेरुमाल' या तमिळ चित्रपटावर आधारलेला आहे.

दलित म्हणजे काळा, मळका आणि खांदे पाडलेला, हे समीकरण आपल्या रोजच्या जगण्यातही उतरते. आमच्या गटातील एक मुलगी शहरात निवड चाचणीला गेली होती. तिने पाठ केलेले भाषण वकिलाचे होते. समोरच्यांनी ते अर्ध्यात थांबवले आणि "तुला घरकामवालीचा रोल सूट होईल" असे सांगितले. ती नाटक सोडायला निघाली होती. तिची जात तिथे कोणी विचारली नव्हती. विचारायची गरजच पडली नव्हती.

रोझीची गोष्ट

या विषयावर बोलताना पी. के. रोझी यांचे नाव प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हवे. १९२८ ते १९३० च्या सुमारास जे. सी. डॅनियल यांनी 'विगतकुमारन' हा मल्याळममधील पहिला चित्रपट केला. रोझी त्याच्या नायिका होत्या. त्या दलित, आणि भूमिका मात्र नायर स्त्रीची. चित्रपट पडद्यावर येताच सवर्ण प्रेक्षक खवळले. पडद्यावर दगड पडले, रोझींचे घर जाळले गेले, त्यांना केरळ सोडून तमिळ प्रदेशात जावे लागले. त्यांनी पुन्हा कधी पडद्यावर काम केले नाही.

म्हणजे 'ज्याची जात त्याचीच भूमिका' हा नियम आपल्याकडे होताच. तो दलितांना लागू होता. सवर्ण नटाने दलित पात्र केले की ती कला, आणि दलित स्त्रीने सवर्ण पात्र केले की तो गुन्हा. खरी अडचण या एकेरी वाहतुकीत आहे.

आपली परंपरा काय सांगते?

१९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरत. त्यांच्या वगांत सावकार, भटजी, पाटील आपलीच पोरे वठवत, आणि बायकांची कामेही तीच करत. १९५५ मध्ये औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांसमोर 'युगयात्रा' हे नाटक केले. ते लिहिणारे प्राचार्य म. भि. चिटणीस अस्पृश्य समाजातले नव्हते. पुढे प्रेमानंद गज्वी यांनी 'किरवंत' लिहिले, तेही अंत्यविधी करणाऱ्या आणि म्हणून ब्राह्मणांतच खालचे मानल्या गेलेल्या ब्राह्मणांच्या दुःखावर. डॉ. श्रीराम लागू यांनी ते रंगभूमीवर आणले.

दुसऱ्याचे दुःख समजून घेता येते आणि मांडता येते, हे आपल्याच लेखक-कलावंतांनी दाखवले आहे. तो हक्क आम्ही आमच्यासाठी मागतो, तर इतरांना नाकारू शकत नाही.

दार उघडले की काय होते?

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त कैकाडी कुटुंबातला जब्या सोमनाथ अवघडे याने केला. कॅमेऱ्यासमोर कधी उभा न राहिलेल्या या मुलाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये लोकशाहीर नारायण कांबळे झाले नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते आणि 'विद्रोही'चे संपादक वीरा साथीदार. ते गाणे म्हणतात तेव्हा आवाजात आयुष्यभराची चळवळ ऐकू येते. ती मेकअपने आणता येत नाही. 'झुंड'मध्ये अमिताभ बच्चन होते, पण चित्रपट उचलून धरला नागपूरच्या वस्त्यांतील मुलांनी.

२०२३ मध्ये 'मेड इन हेवन' मालिकेत नीरज घायवान यांनी बौद्ध पद्धतीचा विवाह दाखवला. वधू होत्या राधिका आपटे. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या साक्षीने होणारे लग्न एवढ्या मोठ्या मंचावर पाहून अनेक घरांत डोळे पाणावले. याच भागावरून लेखिका यशिका दत्त यांनी आपल्या जीवनातील व लेखनातील अंशाचे श्रेय मागितले आणि निर्मात्यांनी तो दावा नाकारला. आनंद आणि प्रश्न एकाच भागातून आले. घायवान यांनी मात्र त्याआधीच, २०१८ मध्ये, दलित, बहुजन, आदिवासी सहायक आणि लेखक हवेत असे जाहीर आवाहन केले होते.

आमची भूमिका

नट आणि पात्र यांची जात जुळलीच पाहिजे, असा नियम आम्हाला नको. त्याची तीन कारणे आहेत. नटाकडे जातीचा दाखला मागणे हे जाती-अंताच्या चळवळीला शोभत नाही. ज्या कलावंताने आपली जात जाहीर केलेली नाही, त्याला ती उघड करायला लावणे हिंसा आहे. आणि असा नियम झाला तर आपली मुले आयुष्यभर पीडितांच्याच भूमिका करत राहतील. डॉक्टर, गुप्तहेर, प्रियकर ही कामे पुन्हा दुसऱ्यांची.

पण 'कलेला जात नसते' हे उत्तरही आम्ही स्वीकारत नाही. कलेला नसेल, पण निवड करणाऱ्या खोलीला असते. ओळखी, भाषा, शहरात बिनपगारी दोन वर्षे काढण्याची ऐपत हे सांस्कृतिक भांडवल आहे आणि ते जातीने वाटले गेले आहे.

म्हणून कोणताही चित्रपट किंवा मालिका पाहिल्यावर गटात हे प्रश्न विचारावेत:

१. कथा कोणी लिहिली? ज्यांचे जगणे वापरले, त्यांना श्रेय आणि मानधन मिळाले का?
२. दलित पात्र स्वतः निर्णय घेते, की कोणीतरी येऊन त्याला वाचवते?
३. पात्राची जात दाखवायला रंग, मळ किंवा तोतरी बोली वापरली आहे का?
४. पडद्यामागे आपले लोक कोणत्या कामावर आहेत?
५. वस्तीतून घेतलेल्या नवख्या कलावंताला पुढचे काम मिळाले का, आणि ते कोणत्या भूमिकेचे?

पाचवा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या मंडळांनीही त्याचा विचार करावा. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग एखाद्या मुलाच्या नाट्यप्रशिक्षणासाठी किंवा मुलीच्या संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी बाजूला काढता येईल. विहारात महिन्यातून एकदा नाटकाचा सराव ठेवता येईल.

विहारातल्या त्या मुलाला आम्ही तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही. आज एवढे सांगू: मामूट्टींनी बाबासाहेब केले, याचे वाईट वाटून घेऊ नकोस. तुला बाबासाहेब करता आले पाहिजेत, आणि गांधीही. घरकामवालीचा रोल सुचवला गेलेली ती मुलगी आता दर रविवारी विहारात सरावाला येते. तिचे वकिलाचे भाषण आम्ही शेवटपर्यंत ऐकतो.