कोरेगावला पणजी जवळ, वाशी लांब

महाराष्ट्राच्या नकाशात कोरेगाव शोधायला फार वेळ लागत नाही. साताऱ्याच्या पूर्वेला, पंढरपूरच्या वाटेवर, पुणे-मिरज लोहमार्गावरचे हे तालुक्याचे गाव. या भागातली माणसे पोटासाठी पिढ्यानपिढ्या मुंबईला जात आली. मुंबई-वाशीच्या बाजारांतल्या माथाडी कामगारांत सातारकर पुष्कळ. तेव्हा कोरेगावातून फोन लागायचा तो तिकडे. पणजीला फोन करण्याचे काम एखाद्यालाच पडणार. पण भ्रमणध्वनीच्या परवान्यांसाठी देशाची वाटणी झाली, तेव्हा कोरेगाव आणि पणजी एका परिमंडळात आले, आणि वाशी दुसऱ्या. मुंबई, नवी मुंबई, कल्याण हे एक परिमंडळ. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा हे दुसरे.

ही रेघ आली कुठून? १ एप्रिल १९८६ रोजी मुंबई व दिल्लीचे दूरध्वनी एमटीएनएलकडे गेले. बाकीचा देश दूरसंचार खात्याकडेच राहिला. परवाने देताना तीच रेघ पुन्हा गिरवली गेली. कारभाराच्या सोयीसाठी आखलेली रेघ पुढे बाजारपेठेची हद्द झाली, ती अशी.

त्याआधीचा काळ ट्रंक कॉलचा. नंबर नोंदवायचा आणि वाट बघत बसायचे. घाई असेल तर जास्त पैसे भरून ‘अर्जंट’. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉटने १२८ जोडण्यांचे छोटे एक्स्चेंज तयार केले. वातानुकूलनाशिवाय, उन्हात आणि धुळीत चालेल असे हे यंत्र होते. लहान गावांत फोन पोचवण्याचे मोठे श्रेय या यंत्राला आहे असे आम्हाला वाटते. मग एसटीडीचे पिवळे बूथ आले, आणि रात्री दर उतरले की बूथपुढे रांगा लागू लागल्या.

३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला देशातला पहिला भ्रमणध्वनी कॉल झाला. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता, आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत! कंपन्यांनी परवान्यांसाठी भरमसाट बोली लावल्या होत्या. ते पैसे भरणे जमेना, म्हणून १९९९च्या धोरणाने ठराविक शुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा घेण्याची पद्धत आणली. २००३ साली येणारा फोन फुकट झाला, आणि खरा प्रसार तेव्हापासून झाला.

इथे थोडे भौतिकशास्त्र पाहू. पहिल्या परवानाधारकांना ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी मिळाल्या, नंतर आलेल्या खासगी कंपन्यांना १८०० च्या. वारंवारता वाढली की तरंगलांबी घटते. अशा लहरी टेकडीला, झाडीला, भिंतीला वळसा घालून जाण्यात कमी पडतात. त्यामुळे तेवढाच मुलूख व्यापायला जास्त टॉवर उभारावे लागतात. शहरात त्याचे काही वाटत नाही, कारण तिथे गिऱ्हाइकांची दाटी असते. डोंगराआडच्या वाडीत मात्र टॉवरचा खर्च जवळपास तेवढाच आणि गिऱ्हाइके मोजकी. वाडीत कोणत्या कंपनीची ‘रेंज’ येणार, हे बरेचसे या हिशोबाने ठरते.

२००५ साली मुंबई आणि उरलेला महाराष्ट्र यांच्यातला कॉल राज्यांतर्गत मानला जाऊ लागला. मुंबईचे सिम घेऊन गावी आलेल्याला ‘रोमिंग’चे पैसे पडत, तेही २०१६-१७च्या सुमारास संपले. वाशी अखेर जवळ आली.

बाजार मात्र दुसऱ्याच दिशेने गेला. २०१०च्या सुमारास देशात डझनभर कंपन्या होत्या. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली आणि एका जीबीला दोनशे रुपयांच्या आसपास असलेला दर कोसळला. त्या लढाईत काही कंपन्या बुडाल्या, काही विकल्या गेल्या, व्होडाफोन आणि आयडिया २०१८ साली एक झाल्या. उरल्या तीन खासगी कंपन्या आणि सरकारी बीएसएनएल. सुमारे पाऊण ग्राहक तर दोघींकडेच. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दोन दिवसांच्या आत दर वाढवले. स्वस्ताई स्पर्धेने आणली होती. स्पर्धक कमी झाल्यावर ती टिकेल याची हमी कोणी द्यायची?

‘ब्रॉडबँड’ या शब्दाबाबतही सावध राहायला हवे. २००४ साली सेकंदाला २५६ किलोबिट वेग असला की ब्रॉडबँड म्हणत. २०२३ पासून निदान २ मेगाबिट लागतात. २०२४ साली देशात नव्वद कोटींहून अधिक ब्रॉडबँड जोडण्या होत्या, पण तारेने आलेल्या जेमतेम चार कोटी. बाकी सगळे लहरींवर, आणि एका टॉवरची क्षमता त्याच्या टापूतल्या सगळ्यांत वाटली जाते. संध्याकाळी गाव घरी परतले की चित्रफीत अडखळते, ती यामुळे. त्याच वर्षी शहरांत दर शंभर माणसांमागे १३० हून जास्त जोडण्या होत्या, खेड्यांत साठाहून कमी.

आठवी-नववीच्या वर्गाला याची मोजणी करता येईल. शाळा, घर आणि शिवार अशा तीन जागी कोणत्या कंपनीची किती रेंज येते, ते आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लिहून तक्ता करावा. टेकडी आणि टॉवर कुठे आहेत, तेही गावाच्या नकाशावर दाखवावे.