घास : गवताचा आणि अन्नाचा

आज वलसाड जिल्ह्यात मोडणारा पारडी तालुका १९५३ साली सुरत जिल्ह्यात होता. या तालुक्याचा इतिहास दोन्ही भाषा येणाऱ्याला अधिक उलगडतो. गुजरातीत ‘घास’ म्हणजे गवत. मराठीत तोंडी घालायचा अन्नाचा घास. पारडीचा चौदा वर्षांचा लढा या दोन अर्थांमधला होता, असे मी वर्गात सांगतो.

मुंबई वाढली तसे तिथले म्हशींचे तबेले वाढले, त्यांना वाळल्या गवताची गरज पडू लागली. रेल्वे हाताशी होतीच. पारडीच्या जमीनदारांनी हजारो एकर जमीन गवताखाली ठेवली. नांगर नको, बियाणे नको. दिवाळीच्या सुमारास काही आठवडे विळा चालला की वर्षाचे उत्पन्न हाती. शिवाय १९४८ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले. गवत कापणारा मात्र नुसता मजूर, तो कूळ ठरत नव्हता.

निदान गुरे तरी तिथे चरू द्यावीत! पण गुरे निवडून खातात. मारवेल, शेडा ही गोड गवते आधी संपतात. कुसळी गवत निसवले की त्याला तोंड लावत नाहीत. शेण पडते तिथलेही गवत टाळतात. मग रान कुठे बोडके, कुठे गुडघाभर, असे विषम दिसते. आणि टाकलेल्या कुसळीचेच बी पुढल्या वर्षासाठी पडते. विळा असा भेद करीत नाही. तो सारे सरसकट कापतो. विक्रीला भरघोस, सारखे गवत हवे, तर पावसाळाभर रान राखावे लागते. म्हणजे जमीन गेली ती गेली, गरिबाच्या गुरांची चराईही गेली.

शेजारच्या उंबरगाव-डहाणूत वारल्यांनी १९४५ साली गवतकापणीच्या मजुरीसाठी संप केला. मागणी होती ५०० पौंड गवतामागे अडीच रुपये. त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच माणसे मेली. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात वारल्यांचा हा लढा आला आहे.

वारल्यांनी दाम मागितले, पारडीने जमीनच मागितली. १ सप्टेंबर १९५३ रोजी ईश्वरभाई देसाई यांच्या नेतृत्वाखाली आदिवासी आणि समाजवादी कार्यकर्ते गवताच्या जमिनी कसायला निघाले. अशोक मेहताही या लढ्यात होते. अटका झाल्या. त्याचे नाव ‘खेड सत्याग्रह’. आपली मुले ‘खेड’ म्हटले की खेडेगाव समजतात. गुजरातीत खेडणे म्हणजे नांगरणे, कसणे.

१९६० साली राज्ये वेगळी झाली, उंबरगाव गुजरातेत गेले. गवताचा प्रश्न मात्र तसाच राहिला. अखेर १९६७ मध्ये, हितेंद्र देसाई मुख्यमंत्री असताना, तडजोड झाली आणि त्या जमिनींचा काही भाग भूमिहीनांकडे आला.

सीमा कोठून गेली हे आपण मुलांना नकाशावर दाखवतोच. तिच्या दोन्ही बाजूंना गवत कापणारे हात एकाच कष्टाचे होते, हेही त्यांना सांगायला हवे.