बंद पडून राहिलेली डिझेल पिकअप सुरू करताना : धक्का मारण्याआधी हे पाहा

तीन-चार वर्षे गोठ्यामागे उभी असलेली पिकअप चार माणसे लावून, धक्का मारून सुरू करायची घाई होते. तिथेच खर्च वाढतो.

आधी ऑइलची कांडी काढून बघावी. ऑइल पांढुरके, दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे, सेल्फ मारू नये. मग गाडी न्यूट्रलला टाकून, क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवावे. फिरलेच नाही तर मिस्त्रीच बोलवावा. एअर फिल्टरही उघडावा. उंदरांना पाचटाचे घर करायला तो फार आवडतो. वायरी कुरतडल्यात का तेही दिसेल.

खरा घात जुन्या डिझेलचा. टाकीच्या तळाला पाणी आणि गंज साचतो, तो पंपात गेला की पंप, नोझल दोन्ही जातात. टाकी पूर्ण रिकामी करावी, फिल्टर नवा घालावा. हातपंप असलेल्या जुन्या इंजिनात एअर काढताना फेस थांबून सलग डिझेल आले की स्क्रू आवळावा. कॉमन रेल इंजिनाच्या हाय प्रेशर पाइपला घरी हात लावू नये.

इंजिन लागले म्हणजे गाडी रस्त्याची झाली नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढते, चाकातले सिलिंडर गंजून जाम होतात. ते उघडून, ऑइल बदलूनच गाडी हलवावी. टायरला भेगा असतील तर नक्षी कितीही असो, माल भरू नये.

आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी लागते. विमा संपलेला असेल तर गाडी आरटीओपर्यंतही चालवत नेऊ नये.