निराश्रित मनोरुग्ण आणि नागरी हक्क

रस्त्यावर राहणाऱ्या मनोरुग्णास उपचाराविना सोडणे ही उपेक्षा होय. संमतीविना डांबणे ही स्वातंत्र्याची हानी होय. महाराष्ट्रात लागू झालेल्या कायद्यांचा कल दीर्घकाळ डांबण्याकडेच होता.

१९१२ च्या ल्यूनसी ॲक्टने भटकणाऱ्या ‘वेडसर’ व्यक्तीस अटक करण्याचा अधिकार ठाणे अंमलदारास दिला. गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पत्रकार शीला बरसे यांच्या याचिकेवर दिला, तो १९९३ मध्ये. मुंबई राज्याच्या १९५९ च्या भीकप्रतिबंधक कायद्याची व्याप्ती तर याहून मोठी. उपजीविकेचे उघड साधन नसलेली व भिक्षेवर जगत असावी अशा स्थितीत सार्वजनिक जागी भटकणारी व्यक्तीही त्याने भिक्षेकरी ठरविली. तीस प्रथम संस्थेत स्थानबद्ध करावयाचे आणि मनोविकार आढळल्यास मग रुग्णालयात हलवावयाचे, असा क्रम त्यात होता. दारिद्र्य आधी दिसे, आजार नंतर. दिल्लीत लागू केलेल्या याच कायद्याची अनेक कलमे तेथील उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरविली.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ (अंमल २९ मे २०१८) याने ही दृष्टी बदलली. त्याची खरी कसोटी महानगरापेक्षा तालुक्याच्या गावी लागते. नारायणगाव (ता. जुन्नर) किंवा मंचर (ता. आंबेगाव) येथील एसटी स्थानकावर अशी व्यक्ती आढळल्यास पोलिसांनी संरक्षणात घेण्याचे कारण तिला सांगावे, २४ तासांच्या आत तिला नजीकच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यावे व कोठडीत मुळीच ठेवू नये. ती बेघर असल्यास बेपत्ता व्यक्ती म्हणून नोंद करून आप्तांचा शोध घ्यावा. दंडाधिकाऱ्यास तपासणीसाठी तिला जास्तीत जास्त १० दिवस दाखल करण्याचा आदेश देता येतो. प्रादेशिक मनोरुग्णालय मात्र येरवड्यास, म्हणजे जुन्नरहून सु. ९० किमी. अंतरावर आहे.

घर नाही किंवा कुटुंब स्वीकारीत नाही एवढ्याच कारणावरून कोणासही रुग्णालयात ठेवता येत नाही, हे या अधिनियमाचे सर्वांत दूरगामी कलम होय. भरत वाटवानी (मॅगसायसाय पुरस्कार, २०१८) यांच्या कर्जत (जि. रायगड) येथील श्रद्धा पुनर्वसन केंद्राने रस्त्यावरील रुग्णांना बरे करून स्वगृही पोचविण्याचे कार्य केले आहे. परंतु ज्यांना स्वगृहच उरलेले नाही, त्यांच्यासाठी समाजातील निवासाची सोय शासनाने करावयाची असते. बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरी गृहांत व वृद्धाश्रमांत हलविण्याची महाराष्ट्रातील पद्धत ताबडतोब थांबवावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयास जुलै २०२१ मध्ये द्यावा लागला.