घराचा गिलावा : कटनीचा चुना, कटनीचं सिमेंट

फौजेतून निवृत्त झाल्यापासून मी जबलपूरच्या विजय नगरात राहतो. जुन्या घरांचे मालक मला विचारतात, ‘बाहेरचं प्लॅस्टर काढून नवं करावं का? खर्च वसूल होईल?’ याचं उत्तर इथल्या इतिहासात आहे.

1817 पर्यंत जबलपुरावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. तेव्हाचं पक्कं बांधकाम चुन्याचं. चुन्याचा गिलावा भिंतीतली ओल बाहेर सोडतो. पुढे चुनखडीच्याच कटनीत, 1915 च्या सुमारास, देशातल्या पहिल्या काही सिमेंट कारखान्यांपैकी एक सुरू झाला. सिमेंट लवकर घट्ट होतं, मेहनत वाचते. चुन्याची घाणी मागे पडली. पण जुन्या मऊ विटेवर सिमेंटचा कडक थर दिला की ओल आत कोंडते, वीट झिजते आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो.

22 मे 1997 च्या पहाटे जबलपूर भूकंपाने हादरलं. मातीत रचलेल्या विटांच्या घरांना मोठी झळ बसली. गिलावा कितीही चकचकीत असो, धक्क्यात भिंत सावरतात ते कोपऱ्यांचे सांधे आणि लिंटेलचा सलग पट्टा.

म्हणून खर्चाचा क्रम ठरवा. आधी गळती थांबवा, मग भेगा आणि सांधे, शेवटी गिलावा. चुन्याच्या भिंतीला चुनाच द्या. परांचीचा खर्च एकदाच होतो. ती उभी असतानाच भिंतीचं काम उरका. नव्या गिलाव्याची किंमत वसूल होते ती आतली भिंत कोरडी आणि धड असली तरच.