वैभारगिरीच्या पायथ्याचं ऊन पाणी



आपल्या मंडळाची राजगृहीची यात्रा माघात ठरते आहे. कार्यक्रमाच्या कागदावर पाचव्या पहाडाला, म्हणजे वैभारगिरीला, जेमतेम दोन तास दिलेत आणि पायथ्याच्या गरम कुंडांपुढे ‘स्नान, अर्धा तास’ एवढंच लिहिलंय. त्यावर दोघींनी मला एकच प्रश्न विचारला. हे पाणी मुळातच गरम, मग ते प्रासुक धरायचं का? एकासण्याला चालेल का? उत्तर शोधायला बसले आणि थेट महावीरांच्या काळात जाऊन पोचले.

आधी जागा पाहू. पाटण्याहून राजगीर सुमारे १०० किलोमीटर. पाच डोंगरांच्या कुशीत जुनं राजगृह होतं. वैभारगिरी आणि विपुलाचल यांच्या मधल्या खिंडीतून सरस्वती नावाची लहानशी नदी बाहेर पडते आणि तिच्या दोन्ही बाजूंना ऊन पाण्याचे झरे आहेत. कोकणात यांना उन्हाळे म्हणतात. वैभारच्या बाजूच्या ब्रह्मकुंडाचं पाणी सुमारे ४५ अंश असतं. पलीकडे विपुलाचलाच्या पायथ्याशी मखदूम कुंड आहे, सूफी संत मखदूम शर्फुद्दीन यांच्या नावाचं.

आता तो जुना प्रश्न. भगवतीसूत्र हा श्वेतांबर आगम, आपल्या दिगंबर घरांत तो वाचला जात नाही. पण त्यात या झऱ्याची नोंद आहे. गौतम गणधर विचारतात, अन्य मतांचे लोक म्हणतात की वैभार पर्वताखाली अनेक योजनांचा मोठा डोह आहे, ते खरं का? महावीर म्हणतात, नाही. तिथे ‘महातपोपतीरप्रभव’ नावाचा झरा आहे, पाचशे धनुष्य लांब-रुंद. आणि पुढे म्हणतात, त्यात उष्णयोनीचे जीव आणि पुद्गल पाणीरूपाने उपजतात आणि जातात. (वाणिज्य शाखेची सवय, हिशेब केलाच: चार हातांचं एक धनुष्य, म्हणजे सहा फूट. पाचशेचे तीन हजार फूट झाले. आज एवढं कुंड तिथे कुठेच नाही.)

म्हणजे बायांनो, उत्तर त्याच ओळीत आहे. पाणी गरम आहे म्हणून निर्जीव नाही. त्या उष्णतेतच उपजणारे जीव त्यात आहेत. चुलीवर आपण उकळतो ते पाणी वेगळं आणि हे वेगळं. एकासण्याला धर्मशाळेतलं गाळून उकळलेलं पाणीच न्यायचं.

हा डोहाचा वाद बौद्धांकडेही आहे. त्यांच्या विनयग्रंथात या प्रवाहाला ‘तपोदा’ म्हटलंय आणि तो दोन महानरकांमधून वाहत येतो म्हणून तापतो, असं सांगितलंय. त्याच ग्रंथातली आणखी एक कथा मला फार आवडते. राजा बिंबिसार, म्हणजे आपल्या चेलनाराणीचा श्रेणिक, नहायला आला तर भिक्षू आधीच पाण्यात. राजा आपला थांबून राहिला. त्याचं स्नान होईपर्यंत इतका उशीर झाला की नगराचं दार बंद, आणि रात्र बाहेरच काढावी लागली! त्यानंतर भिक्षूंना पंधरा दिवसांतून एकदाच स्नानाचा नियम लागला. सातव्या शतकात आलेला चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग लिहितो की इथे पूर्वी पाचशे झरे होते, आता त्यांतले थोडेच उरले. आजचे भूशास्त्रज्ञ म्हणतात, पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. ज्वालामुखीचा काही संबंध नाही.

अर्धा तास कुंडाला आणि दोन तास पहाडाला, हे प्रमाण मला पटत नाही. पायऱ्या कुंडांच्या बाजूनेच वर जातात. वाटेत रचलेल्या दगडांचा मोठा चौथरा लागतो, त्याला जरासंधाची बैठक म्हणतात. वर जुन्या जिनमंदिराचे अवशेष आहेत. या पहाडावर नेमिनाथांची एक मूर्ती सापडली, तिच्या बैठकीवर शंख आहेत आणि गुप्त लिपीतल्या तुटक लेखात चंद्र नावाच्या राजाचा उल्लेख आहे. लांछन दाखवणाऱ्या सर्वांत जुन्या मूर्तींत ती धरतात. खाली दक्षिण पायथ्याला सोनभंडार गुंफा आहेत. सोन्याच्या खजिन्याच्या गोष्टी वाटाड्या रंगवून सांगतो, पण तिथला शिलालेख सांगतो की मुनी वैरदेवांनी तपस्वींसाठी या दोन गुंफा करवल्या आणि त्यांत अर्हंतांच्या प्रतिमा बसवल्या. लेख तिसऱ्या-चौथ्या शतकातला मानतात. तो पाहिल्याशिवाय मी तरी परतणार नाही.

तेव्हा माझी सूचना अशी. धर्मशाळेत स्नान उरकून उजाडताच चढायला लागायचं. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी, डोलीची चौकशी आदल्या संध्याकाळी करावी. आधी पहाड, मग सोनभंडार, शेवटी कुंड. ऊन पाण्याने पाय सैल पडतात, नंतर चढवत नाही. मी स्वतः कुंडात उतरणार नाही. धारेखालचे दोन तांबे पायांवर घेईन, साबण न लावता. ज्यांना उतरायचं असेल त्यांनी कोरडं लुगडं सोबत ठेवावं, आणि सूर्यास्ताआधीच्या जेवणाला सगळ्यांनी वेळेत परत यावं. डोली किती लागतील ते रविवारपर्यंत कळवा.